खाटेवरचा राजा आणि पोचू प्रॉम्प्टर

"कोणी विश्वास ठेवणार नाही, साहेब, पण एकदा ऐका," म्हणत डॉ. वामनरावांनी चंद्रपूरच्या मोठ्या डॉक्टरांपुढे फाइल ठेवली.

साल पंच्याऐंशी. मोठ्या डॉक्टरांचा सगळा भर गोळ्यांवर. रोग्याला आडवं करून बालपण विचारणं, स्वप्नं ऐकणं म्हणजे शंभर वर्षांपूर्वीचं थोतांड, असं त्यांचं मत. वामनरावांना मात्र त्यातच मनाची किल्ली दिसे. "एक तरी रोगी बरा करून दाखवा, नाहीतर तुमची बुधवारची बोलण्याची खोली बंद!" असा दम मिळाला होता.

रोगी सापडला वडशाला. झाडीपट्टीच्या नाटकात राजा होणारा देवराव. तलवार उपसायची वेळ आली, की उजवा हात लाकूड! हाडं ठीक, नसा ठीक, आणि प्रयोग चार दिवसांवर.

वामनरावांनी त्याला खाटेवर निजवलं. "मनात येईल ते बोला."

देवराव छताकडे बघत राहिला. दहा मिनिटं. वीस मिनिटं.

"अहो, बोला की!"

"वाक्य द्या ना जी."

"कसलं वाक्य?"

"पयलं! बावीस वर्सं झाली, प्रॉम्प्टरबिगर तोंड उघडलं नाई. बायकोसंगं भांडतो, तवा बी पोचूले बलावतो."

कपाळ बडवून वामनरावांनी पोचूला बोलावलं. विंगेत बसून वाक्यं पुरवणारा पोचू खाटेमागे बसला. तो कुजबुजे, देवराव गर्जे. "बाप म्हने, तुह्या आवाजाले कोन इचारते! जल्मभर अंधारात बसलो! वाक्य माहं, टाळ्या दुसऱ्याले!"

"तुम्ही कधी अंधारात बसलात?" वामनराव करवादले.

"मले काय मालूम? तो देऊन राह्यला, मी बोलून राह्यलो."

खाटेमागून हुंदका आला. पोचू डोळे पुसत उठला. "लय हलकं वाटून राह्यलं, डाक्टरसाहेब! आता विंगेत बसत नाई. राजा मीच!"

रोगी एक, गुण भलत्यालाच! वामनरावांनी फाइल आपटली. पण प्रयोगाच्या दिवशी...

"काय सांगू, साहेब!" मोठ्या डॉक्टरांपुढे वामनराव रंगात आले. "पोचूनं तलवार उपसली आणि विंगेत देवराव वही घेऊन बसला. तोच उजवा हात सरासर पानं उलटत होता! तिन्ही अंक वाचून दिले पठ्ठ्यानं. एका खाटेवर दोघं बरे! जुन्या विचारात अजून दम आहे."

खोली चालू ठेवायच्या सहीसाठी मोठ्या डॉक्टरांनी पेन उघडलं.

कपाटाशी फायली लावणाऱ्या इंदुताई सिस्टर वळल्या. "साहेब, देवराव माहा मामेभाऊ हाय. त्याले सोताचं नाव वाचता येत नाई. मंग वही कोनं वाचली जी?"