हाकेच्या अंतरावरचं बीळ

एका जंगलात एक साळिंदर राहत होतं. साळिंदरच असावं. मुंगूसही असू शकेल, मुलांनो, कारण ज्यांनी मला ही गोष्ट सांगितली त्यांना दात नव्हते आणि मी तेव्हा पाच वर्षांचा होतो. पण पुढे काट्यांचा उल्लेख येतो, त्या अर्थी साळिंदरच. आपण तसं धरून चालू. चुकलं तर चूक माझी, साळिंदराची नाही.

तर त्याचं नाव साळोजी. बायकोचं नाव गोदाबाई. त्यांना एक मुलगी होती, बकुळी. तिघं खडकाच्या माळावर राहत. बीळ ऐसपैस होतं. दाराशी करवंदीची जाळी होती. म्हणजे सगळं ठीक होतं. आणि सगळं ठीक असलं की आईवडिलांना झोप लागत नाही, हे तुम्हाला मोठेपणी कळेल.

माळावर एक शाळा होती. ती कासव गुरुजींची. गुरुजी प्रेमळ होते. पण 'क' गिरवून होईपर्यंत एक पावसाळा जाई, आणि त्याला काना देईपर्यंत दुसरा.

"अहो, ऐकलंत का?" एके दिवशी गोदाबाई म्हणाली. "नदीकाठच्या शाळेत जाणारं ते मुंगसाचं पोर आलं होतं. चार पक्ष्यांच्या भाषांत नमस्कार करतं!"

"आणि पुढे काय बोलतं?"

"पुढे काही नाही बोलत. पण नमस्कार काय सुरेख करतं! आणि आपली बकुळी बसलीय इथे मुळं उकरत."

"अगं, साळिंदरं मुळंच उकरतात."

"तुम्ही उकरलीत ना जन्मभर? तेवढं पुरे झालं घराण्याला."

नदीकाठी आंब्याच्या झाडावर कोकिळ सरांची शाळा होती. तिच्यासारखी शाळा साऱ्या जंगलात नाही, असं सर स्वतःच सांगत. सरांची स्वतःची मुलं कुठे शिकतात, हे कुणी विचारत नसे. ती कावळ्यांकडे होती. निवासी.

शाळेचा नियम एकच होता. ज्या आईवडिलांना आपल्या बिळाच्या तोंडाशी उभं राहून सरांची हाक ऐकू येईल, त्यांच्याच पिल्लाला प्रवेश. तपासणी दर वर्षी पौषाच्या चौथ्या दिवशी होई. प्रत्येक पिल्लाला एकच संधी. हुकली की हुकली.

चैत्रात साळोजी आणि गोदाबाई नदीकाठी बीळ बघायला गेले. बिळं दाखवायचं काम खारूताई करायची. ती एका जागी थांबत नसे, म्हणून तिच्याशी घासाघीस करता येत नसे.

"हे बघा," खारूताई म्हणाली. "आता गप्प उभे राहा. आलं? आलं का?"

"कुहू!" आंब्यावरून हाक आली.

"थेट कुहू! मधे भिंत नाही, झुडूप नाही. अशी कुहू तुम्हाला वरच्या अंगाला मिळायची नाही."

साळोजी आत शिरला. बीळ ओलं होतं. आत वळायला जागा नव्हती. बाहेर यायचं तर उलट्या पावलांनी यावं लागे आणि काटे भिंतीत अडकत. गोदाबाईने त्याला शेपटीकडून ओढून काढलं.

"यात राहायचं कसं?" तो धापा टाकत म्हणाला.

"राहायला कोण घेतंय, काका?" खारूताई म्हणाली. "हे पत्त्यासाठी घ्यायचं असतं."

तिघांनी बिऱ्हाड हलवलं. ते माळावरून उतरले त्याच दुपारी त्यांच्या जुन्या बिळात एक घोरपड शिरली. घोरपड एकदा चिकटली की सुटत नाही, हे तुम्हाला इतिहासाच्या पुस्तकात भेटेलच. म्हणजे आता मागे फिरायची सोय उरली नाही. बकुळीला प्रवेश मिळाला तर ठीक. नाही तर ओलं बीळ, आणि माळावरची कासव गुरुजींची शाळाही गेली.

पावसाळा सरला. दसरा झाला. आणि साळोजीच्या लक्षात आलं, की त्याला हाक ऐकू येत नाही.

तो रोज पहाटे बिळाच्या तोंडाशी उभा राही. कान आंब्याकडे लावी. काही नाही. दुपारी उभा राही. काही नाही. तोवर नदीकाठ गजबजला होता. रानडुकरं आली होती, मुंगसं आली होती, तरसाचं एक कुटुंब तर दोन डोंगर ओलांडून आलं होतं. साळोजीला वाटलं, या गलक्यात हाक बुडत असेल. मग वाटलं, बाकीच्यांना कशी येते?

त्याने शेजारच्या मुंगसीणबाईंना सहज विचारलं, "सरांची हाक काय म्हणते हल्ली?"

मुंगसीणबाई दचकल्या. मग म्हणाल्या, "हो तर! काल दोनदा आली. का? तुम्हाला नाही आली?"

"आली, आली," साळोजी घाईने म्हणाला. "जरा अस्पष्ट."

घरी येऊन त्याने कानात तेल घातलं. आणि त्या दिवसापासून पळसाच्या पानांवर नोंद ठेवायला सुरुवात केली. दिवस कोणता, वेळ कोणती, वारा कुठला. हाक: नाही.

पौषाचा चौथा दिवस उजाडला. तपासनीस ससाणे आले. आडनाव ससाणे, पण जातीने ससा. त्यांचे कान एवढे लांब, की त्यांच्यापुढे बोलताना सगळेच आवाज उतरवत.

"रावसाहेब, तुम्हीच ऐकणार ना?" रानडुकराने विचारलं.

"मी कशाला? नियमाप्रमाणे पालकांनी ऐकायचं. मी लिहायचं." ते मुंगसीणबाईंकडे वळले. "ऐकू आलं?"

"अगंबाई, काय गोड!" मुंगसीणबाई म्हणाल्या. ससाण्यांनी खूण केली.

रानडुकराने डोळे मिटून मान डोलावली. खूण. तरसाने "वा!" म्हटलं आणि नंतर "क्या बात है!" असंही म्हटलं. दोन खुणा.

ससाणे साळोजीपुढे आले. गोदाबाई नवऱ्याच्या कानात कुजबुजली, "नुसतं हो म्हणा."

"ऐकू आलं?"

साळोजीने श्वास रोखला. कान टवकारले. त्याला मुंग्यांची रांग ऐकू आली. पाण्याखाली मासा वळल्याचं ऐकू आलं.

"नाही आलं, रावसाहेब," तो म्हणाला.

काठावरचा गलका एकदम थांबला.

ससाण्यांनी आपलं पान उलटसुलट करून पाहिलं. "'नाही'चा रकानाच नाही यात," ते म्हणाले. "आजवर लागला नाही." थोडा विचार करून त्यांनी 'गैरहजर' असं लिहिलं आणि पुढे गेले.

"एक अक्षर!" गोदाबाई कडाडली. "एका अक्षराचा शब्द! 'हो'! तेवढाही निघाला नाही तोंडातून?"

"अगं, पण हो म्हटल्यावर त्यांनी विचारलं असतं, कोणत्या सुरात ऐकू आलं, तर?"

"कोण विचारतंय! त्या तरसाला सूर कळतो का? 'क्या बात है' म्हणे! आणि तुम्ही मात्र घातलंत पोरीचं भविष्य पाण्यात!"

"मग मी मुळं उकरायला जाऊ?" बकुळीने आशेने विचारलं. दोघांनीही तिच्याकडे असं पाहिलं, की ती बिळात गेली.

दुसऱ्या दिवशी साळोजी आंब्याखाली जाऊन उभा राहिला. पळसाची पानं त्याने बरोबर घेतली होती. मुलांनो, साळिंदर घाबरलं की त्याचे काटे उभे राहतात आणि खुळखुळ वाजतात. पाहणाऱ्याला वाटतं, हे आता अंगावर येणार. साळोजी तर इतका घाबरला होता, की एकही काटा आडवा नव्हता.

"काय काम आहे?" वरून कोकिळ सरांनी विचारलं आणि ते एक फांदी वर सरकले.

"सर, चूक माझीच आहे. काल तुम्ही गायलात. सगळ्यांना ऐकू आलं. मला एकट्यालाच आलं नाही."

"बरं."

"कालच नाही, सर. दसऱ्यापासून एकदाही आलं नाही. मी रोजची नोंद ठेवलीय."

"नोंद?" सरांचा आवाज चिरकला. "किती दिवसांची?"

"त्र्याऐंशी पानं आहेत, सर. वाऱ्याच्या दिशेसकट."

खुळखुळ, खुळखुळ, काटे वाजले.

"कुणाकुणाला दाखवलीत?"

"अजून कुणालाच नाही. म्हटलं, आधी तुमच्या कानावर घालावं. मग घरोघर जाऊन विचारीन म्हणतो, अजून कुणाला हा त्रास आहे का. सगळ्यांनी मोकळेपणाने सांगितलं, तर औषध तरी सापडेल."

सरांनी खाली पानांच्या गठ्ठ्याकडे पाहिलं. मग त्यांनी पंख झटकले.

"मुलीचं नाव काय म्हणालात?"

"बकुळी. पण सर, मी अजून..."

"ससाणे! बकुळीचं नाव लिहून घ्या. पहिल्या रांगेत. आणि साळोजीराव, घरोघर फिरायचं काही कारण नाही. कान नाजूक असतात, थंडीवाऱ्यात हिंडू नका. ती पानं तेवढी इथेच ठेवून जा. शाळेच्या उपयोगी पडतील."

साळोजीला रडू आलं. तो घरी आला आणि म्हणाला, "गोदा, सर म्हणजे देवपक्षी आहेत. माझ्या बहिरेपणाची दया आली त्यांना."

"मी म्हटलंच होतं, एकदा जाऊन बोला म्हणून," गोदाबाई म्हणाली. ती असं काही म्हणाली नव्हती. पण तोवर तिने बकुळीचे काटे विंचरायलाही घेतले होते.

बकुळी शाळेत जाऊ लागली. वर्षभरात ती चार पक्ष्यांच्या भाषांत नमस्कार करायला शिकली. मधल्या सुट्टीत ती मुंगसांना आणि तरसांना मुळं उकरायला शिकवू लागली. पुढे त्या विषयाचा जादा वर्ग निघाला, आणि त्याच्यासाठी लोक डोंगर ओलांडून येऊ लागले.

तात्पर्य: मुलांनो, नेहमी खरं बोलावं. मात्र ते बोलताना चूक आपलीच आहे, अशी मनापासून खात्री असावी, आणि अंगावर काटे असावेत. नुसत्या खऱ्याला रकाना नसतो.

साळोजीचे कान अधू होते, असंच समजून मी ही गोष्ट बरीच वर्षं सांगत आलो. निवृत्त झाल्यावर शंका आली. मग ओळीने तीन वर्षं घरामागच्या आंब्याखाली खुर्ची टाकून बसलो, आणि तरी स्वतःवर भरवसा नव्हता म्हणून एका पक्षी-अभ्यासकालाही विचारून घेतलं. पौषात कोकिळ गात नाही.