विमानाला लावलेली उदबत्ती

मला राग येत नाही. लोक आणतात! हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढचं वाचताना माझ्याबद्दल गैरसमज नको.

मी विमान बांधलंय. खेळण्यातलं नाही! एका माणसाला बसता येईल असं, पंखांवर कापड ताणलेलं, सहा वर्षं खपून जोडलेलं खरंखुरं विमान. पस्तीस वर्षं कारखान्याच्या टूलरूममध्ये काढली, ती काय निवृत्तीनंतर बागेतल्या बाकावर बसून गुडघ्यांची चर्चा करायला? उडवायचा परवानाही रीतसर काढला. "श्रीनिवासराव, अ‍ॅव्हरेज किती देतं हो?" असं विचारणाऱ्या प्रत्येकाला माझं एकच उत्तर असे, "तुमच्यापेक्षा बरं!"

अडचण एकच होती. माझं वैद्यकीय प्रमाणपत्र महिनाअखेर संपत होतं आणि डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं, "पुढच्या वेळी डोळ्यांत नापास होणार तुम्ही." म्हणजे या महिन्यात उडालो तर उडालो, नाहीतर जन्मभर जमिनीवरच! आणि विमान तपासून उड्डाणाला मंजुरी देणाऱ्या तपासनीस मॅडमनी तारीख दिली अठ्ठावीस फेब्रुवारी, म्हणजे महिन्याचा शेवटचाच दिवस. त्याही दुपारी चार वाजता परत निघणार होत्या.

विमान कात्रजच्या बोगद्यापलीकडे सर्जेरावांच्या गोठ्याशेजारी होतं. सर्जेराव म्हणजे भला माणूस. शेड दिली, विमान पळवायला माळ सपाट करून दिला, वर सहा वर्षं चहा पाजला.

त्या दिवशी दुपारी बाराला आमची कुसुम पिशवी घेऊन गाडीत बसली. आत हळदकुंकू, नारळ, झेंडूचा हार!

"हे काय?"

"पूजा नको? नवीन गाडी आहे."

"गाडी नाही, विमान आहे! आणि यंत्राला पूजा लागत नाही, ग्रीस लागतं!"

"स्कूटरची केली होती."

"स्कूटर तुझ्या वडिलांनी दिली होती!"

"म्हणूनच ती अजून चालतेय," असं म्हणून तिनं काच खाली केली. मी गाडी सुरू केली.

तिला शेडवर सोडलं आणि मॅडमना आणायला मी कात्रज चौकात परत गेलो. जाताना बजावलं होतं, "विमानाला कुणीही हात लावायचा नाही!"

अर्ध्या तासानं आलो, तर बघतो काय! नाकावरच्या पंख्याला झेंडूचा हार. दोन्ही पंखांवर कुंकवाची स्वस्तिकं. तिन्ही चाकांखाली लिंबं. आणि सर्जेराव नारळ उगारून विमानाच्या नाकाडावर टणक जागा शोधतायत!

"थांबा!!"

मी असा ओरडलो की गोठ्यातल्या म्हशीनं दावं तोडलं. हार ओरबाडला, लिंबं लाथेनं उडवली, कुंकू रुमालानं पुसलं. कुसुमनं हळदकुंकवाचे डबे एकेक करून पिशवीत भरले. हे लक्षण वाईट असतं, पण तेव्हा माझं लक्ष कुठे होतं!

नम्रता मॅडम वयानं तिशीच्या, बोलायला शांत. त्यांनी विमान सगळीकडून ठोकून पाहिलं. "काम सुंदर आहे, सर. आता जमिनीवरच जोरात पळवून दाखवा."

पळवलं. वारा कानांत घुसला, डोळ्यांत पाणी आलं, आणि वेगाचा काटा? शून्यावर! पुन्हा पळवलं. शून्य!

"सर, तुमच्या विमानाच्या मते ते अजून उभंच आहे," मॅडम म्हणाल्या.

पंखाखाली पुढे तोंड केलेली एक बारीक नळी असते. तिच्यात समोरून वारा शिरला की काटा हलतो. ती नळी कसबा पेठेतल्या शंभू तांबटानं करून दिली होती. लगेच फोन लावला. "शंभू, नळी केलीस की नुसती सळई दिलीस?"

"काका, आधी मागनं काढून फुंकून तर बघा. शिव्या नंतर द्या, मी दुकानातच आहे."

फुंकलं. गाल फुगले, हवा जाईना! मॅडम पुढून वाकल्या, चिमट्यानं काहीतरी ओढून काढलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. अर्धी जळून नळीच्या आत मोडलेली उदबत्ती होती.

"ही कुणी लावली?" मी गरजलो.

"म्या," सर्जेराव म्हणाले. "खोचायला केळं न्हवतं. आन् भोक बगा, बरोबर उदबत्तीच्या मापाचं!"

"अहो, त्या कापडावर कसला रंग आहे ठाऊक आहे? भसकन पेटलं असतं सगळं! अक्कल काय गोठ्यात बांधून आलात?"

"केळी मी आणली होती," कुसुमनं तोंड उघडलं. "दोन. स्वारगेटच्या सिग्नलला ती कुणी खाल्ली?"

"भूक लागली होती मला! आणि पूजेची आहेत असं त्यांच्यावर लिहिलं नव्हतं!"

आमचं हे चालू असताना सर्जेराव कधी उठून गेले कळलंच नाही. कळलं ते ट्रॅक्टरच्या आवाजानं. माळाच्या बरोबर मधोमध त्यांनी ट्रॅक्टर आडवा लावला, किल्ली बंडीच्या खिशात घातली आणि येऊन बाजेवर बसले.

"सर्जेराव, हा काय प्रकार?"

"अक्कल गोठ्यात हाय. ती येऊस्तवर ट्रॅक्टर हलायचा न्हाय."

पावणेतीन वाजले होते. मी माफी मागितली. चौसष्ट वर्षांत तिसऱ्यांदा!

"माफी मला नगं," सर्जेराव म्हणाले. "पूजा मोडली तुमी. ती पुरी करा."

केली! शेणातून लिंबं शोधून, धुऊन पुन्हा चाकांखाली ठेवली. स्वस्तिकं काढली. नारळ फोडला, दगडावर. केळं नव्हतंच, त्यामुळे उदबत्ती हातात धरून विमानापासून वीस पावलं लांब उभा राहिलो. अर्धी विझवली तर अपशकुन होतो म्हणे! वीस मिनिटं जळत होती मेली. तिच्यापेक्षा जास्त मी जळत होतो.

सव्वातीनला ट्रॅक्टर हलला. नळी जोडली, विमान पळवलं, काटा झरझर वर गेला!

"विमान पास," मॅडम म्हणाल्या. "आता वैमानिकाचा रक्तदाब. उड्डाणाआधी लिहावा लागतो. वरचा आकडा दीडशेच्या आत हवा." आणि त्यांनी बॅगेतून यंत्र काढून माझ्या दंडाला पट्टा बांधला.

एकशे अठ्ठ्याऐंशी.

"शांत बसा, सर."

"मी शांतच आहे!"

एकशे चौऱ्याण्णव.

"सायेब, लांब श्वास घ्या," सर्जेराव म्हणाले.

"तुम्ही बोलूच नका!"

दोनशे एक.

"अहो, रागावू नका ना," कुसुम म्हणाली. मी काय उत्तर दिलं ते छापण्याजोगं नाही. यंत्रानं त्यानंतर आकडा दाखवलाच नाही, नुसतंच किंचाळलं.

पावणेचार झाले. मॅडमनी कागद मिटला. "सर, पहिलं उड्डाण आज झालं नाही, तर सगळी परवानगी पहिल्यापासून. उडवायचा परवाना माझ्याकडेही आहे. मी नेऊ?"

नाही म्हणायचं होतं मला. सहा वर्षं मी त्या खुर्चीत बसून तोंडानं इंजिनाचा आवाज काढलाय, एकटा असताना. पण विमान शेडमध्येच सडलेलं बघवलं नसतं.

"डावा ब्रेक जरा धरतो," मी म्हणालो. "सांभाळून."

विमान पळालं. उड्या मारत, डगमगत पळालं आणि एकदम त्याच्या चाकांखाली उजेड दिसला! ज्वारीवरून गेलं, म्हशीवरून गेलं, घाटाच्या दिशेनं वळलं. मी रडलो. लपवण्यात काय अर्थ आहे? कुसुमनं माझा हात घट्ट धरला होता. आयुष्यात प्रथमच मला कुणाचाही राग येत नव्हता. दंडाचा पट्टा तसाच होता, तिनं सहज यंत्राचं बटण दाबलं.

"अहो, एकशे चोवीस!"

"काय?"

"उतरला!"

मी माळावर धावत सुटलो. दोन्ही हात हलवत आभाळाकडे बघून ओरडलो, "मॅडम! खाली या! उतरलाय! मी उडवतो!"

मॅडमना वाटलं, म्हातारा आनंदानं हात हलवतोय. त्यांनीही झोकात पंख डोलवले आणि आणखी एक चक्कर मारायला निघून गेल्या. घड्याळात चार वाजले. सर्जेरावांनी माझ्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला. कुसुमनं पुन्हा बटण दाबलं.

दोनशे चार!