रुपालीच्या लग्नाचे टॉवेल

“सावित्रम्मा, चहा टाका. उकळी फुटायच्या आत तुमचा माग चालू!” असं म्हणून शाकीरने बाह्या सरसावल्या. सोलापूरच्या नवी पेठेत त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं आणि ‘जमणार नाही’ हे वाक्य त्या दुकानात आजवर गिऱ्हाइकांनीच काय ते उच्चारलं होतं.

सावित्रम्मांच्या कारखान्यात आहेराचे टॉवेल विणले जात, त्यावर वधूवरांची नावं. माग ऐकायचा तो फक्त विंडोज एक्सपीच्या जमान्यातल्या एका कॉम्प्युटरचं. डिझाइनं मात्र सगळी शाकीरने नुकत्याच बसवलेल्या लिनक्स सर्व्हरवर. दोघं एकाच केबलला बांधलेले, पण भाऊबंदकीतल्या चुलतभावांसारखे एकमेकांना ओळख दाखवेनात. पेन ड्राइव्हची सोय म्हणावी, तर म्हाताऱ्या कॉम्प्युटरची दोन्ही भोकं गंजलेली!

“उद्या बापूसाहेबांच्या रुपालीचं लग्न,” सावित्रम्मा म्हणाल्या. “संध्याकाळी मंद्रूपहून गाडी घेऊन येतायत. टॉवेल झाले पाहिजेत की हो!”

शाकीरने केबल बदलली. पासवर्ड बदलला. फायरवॉल बंद केली. चहा उकळला, गाळला, गार झाला. शेवटी उमगलं: जुन्या कॉम्प्युटरला फाइल मागायची एकच जुनी पद्धत येत होती आणि नव्या सर्व्हरने ती असुरक्षित म्हणून बंद ठेवली होती. शाकीरने सर्व्हरच्या सेटिंगमध्ये ‘म्हातारं माणूस आहे, येऊ द्या’ अशा अर्थाची एक ओळ घातली. फोल्डर उघडला!

आणि पडद्यावर नुसते शुभविवाह. म्हातारा फाइलच्या नावाची पहिली काही अक्षरंच दाखवायचा, आणि सावित्रम्मांची प्रत्येक फाइल ‘शुभविवाह’ने सुरू व्हायची. त्यात लग्नाची फाइल पुसणं अशुभ, म्हणून कारखाना निघाल्यापासूनची सगळी जोडपी जागच्या जागी नांदत होती.

“एकेक उघडून बघा की, शाकीरभाई!”

अर्ध्या सोलापूरची लग्नं डोळ्यांखालून गेली. पडद्याचा खालचा भाग कधीच काळा पडलेला, त्यामुळे वरची नवरीची नावंच तेवढी दिसत होती, खालची नवरदेवाची नाही. अखेर दिसली!

“रुपाली! चालू करा माग!”

संध्याकाळी बापूसाहेबांनी वरचा टॉवेल उलगडला. रुपाली. खाली शिवशरण.

“जावई पृथ्वीराज हाय आमचा,” ते सावकाश म्हणाले. “ह्यो शिवशरण म्हंजी मागल्या साली मोडलेलं लगीन न्हवं? ते अजून ठिवलंय कशापायी?”

“पुसणं अशुभ असतं, बापूसाहेब.”

“आता लई शुभ झालं!”

“फाइल शेअरिंगमध्ये दोष नाही,” शाकीरने नम्रपणे नोंदवलं. कुणी दखल घेतली नाही.

नव्याने विणायला वेळ नव्हता. बापूसाहेबांनी गठ्ठ्याकडे बघत मिशीवरून हात फिरवला.

“नवरदेवाकडच्यास्नी नारळ देऊ. आपल्या माणसांस्नी ह्येच. नावं आत घालून घड्या करा, वरनं दोरी बांधा.”

“घरी जाऊन दोरी सोडतील की!” सावित्रम्मा म्हणाल्या.

“सोडू द्या. तवर अक्षता पडल्या असत्याल.”