स्कॉटलंडला न चालणारी वस्तू

जयंत फडणीस यांनी आपली छऱ्याची रायफल विकताना एकही नियम मोडला नव्हता. निदान शनिवारी दुपारी बारापर्यंत त्यांची तशी खात्री होती. बर्मिंगहॅममधल्या एका बँकेत ते कम्प्लायन्स विभागात होते. दुसऱ्यांनी नियम मोडले का, हे पाहण्याचा त्यांना पगार मिळे. खांदा दुखू लागल्यावर त्यांनी नेमबाजीचा क्लब सोडला आणि रायफल ग्लासगोच्या उदय चिटणीसला विकली, पैसे ती पोचल्यावर घ्यायचे ठरवून. खरेदीदार अठराच्या वर हवा, असा नियम. उदय चोपन्न वर्षांचा होता, तरी जयंतरावांनी वयाचा पुरावा मागितला. उदयने ड्रायव्हिंग लायसन्सचा फोटो पाठवला आणि खाली विचारलं, "आईवडिलांची सहीपण लागेल का?"

प्रश्न उरला पाठवण्याचा. कुरिअरवाले बंदूक म्हटल्यावर हात जोडत होते. शेवटी जयंतरावांनी बर्मिंगहॅमच्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं, "शनिवारी कुणी ग्लासगोला जातंय का? एक पार्सल आहे." पाच मिनिटांत मंडळातल्याच निवेदिताचं उत्तर आलं. तिच्या नणंदेचं, वैभवीचं, ग्लासगोला चार वाजता डोहाळजेवण होतं. नागपूरहून आलेल्या सासूबाईंना घेऊन ती गाडीनेच निघणार होती.

सकाळी साडेआठला सोलापुरी चादरीत गुंडाळलेलं एक लांबट बोचकं तिच्या गाडीत, अनारशांच्या डब्याशेजारी आडवं झालं. आत काय आहे, हे निवेदिताने विचारलं नाही. दुसऱ्याच्या पार्सलात काय आहे असं विचारणं म्हणजे संशय घेणं. आपल्याकडे ते कुणी करत नाही.

"काका, तेल नाही ना गळणार?" एवढंच तिने विचारलं.

"अजिबात नाही," जयंतराव म्हणाले. यात खोटं काहीच नव्हतं.

बारा वाजून दहा मिनिटांनी त्यांची मुलगी सान्वी फोनमधून डोकं वर न काढता म्हणाली, "बाबा, तो बंदूक तू स्कॉटलंडला पाठवला?"

"ती बंदूक. हो, पाठवली."

"ओके, ती. पण तिकडे सर्टिफिकेट लागतो. नुसता जवळ असला तरी ऑफेन्स आहे."

"कुणी सांगितलं? मी कायदा वाचलाय."

"इंग्लंडचा वाचलास. त्यांचा वेगळा आहे."

जयंतरावांनी तिच्या हातून फोन घेऊन दोनदा वाचलं. मग उदयला फोन लावला.

"सर्टिफिकेट आहे तुझ्याकडे?"

"अप्लाय केलंय रे, येईल महिन्याभरात. तू दहा छऱ्यांची दोन्ही मॅगझिन्स टाकलीस ना?"

जयंतरावांनी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात येऊन बायकोला, सुचेताला, सुनावायला सुरुवात केली. कायदा तिने केला नव्हता, पण समोर तीच होती.

"एक राजा, एक पासपोर्ट, एक पौंड. आणि बंदुकीला दोन कायदे. मॅगझिनमध्ये दहा छर्रे मावतात की शंभर, हे विचारा ना. ते नाही. गाडी कुठल्या पाटीपुढे गेली, ते विचारणार. पाटीच्या अलीकडे छंद आणि पलीकडे गुन्हा?"

"निवेदिता पाटीच्या कुठल्या बाजूला आहे आता?" सुचेताने विचारलं.

जयंतरावांनी निवेदिताचा नंबर शोधायला घेतला. तिचा नागरिकत्वाचा अर्ज दोन महिने होम ऑफिसकडे होता. अर्जदाराचं चारित्र्य चांगलं हवं, ही त्यातली मुख्य अट. तिच्या अर्जावर रेफरी म्हणून, म्हणजे हमी देणारा म्हणून, सही होती जयंत फडणीस यांची. माणूस चांगला म्हणून लिहून द्यायचं आणि त्याच माणसाच्या गाडीत बंदूक ठेवायची, असा प्रकार बँकेत कुणी केला असता तर जयंतरावांनी त्याला त्याच दिवशी घरी पाठवलं असतं.

तिचा फोन सासूबाईंनी, मनीषाताईंनी उचलला.

"निवेदिता चालवतेय हो. बोला, जयंतराव."

"मनीषाताई, तुम्ही कुठवर आलात?"

"पाटी वाचते. कार्लाइल, बारा मैल."

"आधी हायवेवरच्या पहिल्या थांब्याला, सर्व्हिसेसला, गाडी घ्या. त्या बोचक्यात एक वस्तू आहे. ती स्कॉटलंडला चालत नाही."

"फणस आहे का?"

"नाही."

"मांसमच्छी असेल तर सांगा. मी काही बोलणार नाही, पण शेजारी अनारसे आहेत."

"ताई, बंदूक आहे."

पलीकडे इंडिकेटरची टिकटिक सुरू झाली. गाडी थांबल्यावर फोन निवेदिताने घेतला.

"काका, मी पोटुशा नणंदेकडे बंदूक घेऊन चाललेय?"

"छऱ्याची आहे."

"होम ऑफिसला तसं सांगू का? साडेसहा वर्षं मी लायब्ररीचं पुस्तकसुद्धा लेट केलं नाही, काका. पार्किंगचं तिकीट नाही. आणि तुम्ही चादरीत गुंडाळून..."

"तू तिथेच थांब. मी येतो आणि घेऊन जातो."

"तुम्ही पोचणार चारला. ओटी चारला भरायचीय. इथे टाकून जाऊ?"

"नको, तो तर आणखी मोठा गुन्हा."

"मग वाचा अजून काय काय गुन्हा आहे ते. सकाळी वाचायचं होतं." तिने फोन ठेवला.

जयंतराव पावणेएकला निघाले. स्टॅफर्डपर्यंत त्यांनी स्कॉटलंडच्या संसदेला मनातल्या मनात दोन पत्रं लिहिली, पहिल्यापेक्षा दुसरं कडक. तिसऱ्याच्या मध्यावर मनीषाताईंचा फोन आला. जयंतरावांनी गाडी बाजूच्या सर्व्हिसेसमध्ये घेतली.

"जयंतराव, परत फिरा. काम झालं. इथे कॉफीच्या रांगेत पोलीस होता. त्याला गाडीपाशी नेलं, चादर सोडली आणि दिली बंदूक."

"दिली म्हणजे?"

"देऊन टाकली. भला मुलगा. म्हणाला, इकडे ठेवायला हरकत नाही, पण पुढे नेऊ नका. मी म्हटलं, मागेही न्यायची नाही. मग त्याने कागद भरला. नष्ट करण्यासाठी स्वखुशीने जमा, असं काहीतरी आहे. दोन्ही मॅगझिन्सपण नेली. आम्ही निघालो, ओटीला वेळेवर पोचू."

"आणि नाव कुणाचं घातलं? निवेदिताचं?"

"तिचं कशाला? तिला मी पाठवलं चहा आणायला. त्याने विचारलं, कुणाची आहे? मी म्हटलं, माझी. बासष्ट वर्षांची बाई, सहा महिन्यांच्या व्हिजावर आलेय. मला थोडंच इथं सिटिझन व्हायचंय."

जयंतरावांचे कान तापले. संताप आता त्यांना नेमका शब्दांत सापडला.

"पण ताई, ती माझी रायफल होती. बारा वर्षं सांभाळलेली. मला न विचारता तुम्ही ती मोडीत काढलीत. मालकाची परवानगी नको?"

"बरोबर आहे तुमचं," मनीषाताई शांतपणे म्हणाल्या. "त्याचा नंबर आहे कागदावर. लिहून घ्या. फोन करा आणि सांगा, मालक मी आहे, मीच ती चादरीत गुंडाळून स्कॉटलंडला पाठवली होती."

जयंतरावांनी खिशातून पेन काढलं, टोपण उघडलं, आणि थोड्या वेळाने परत लावलं.

"राहू दे," ते म्हणाले. "वैभवीला आशीर्वाद सांगा."