काकाची दुसरी ओळ

बातमी आली तेव्हा मी ऑफिसात पेन्सिलीला टोक करत होतो. (फॅक्टरीच्या शेतकी विभागातलं सगळं काम संगणकावर गेल्यापासून टोक करण्याइतकं स्वतःचं काम मला दुसरं उरलेलं नाही.) फेब्रुवारीतला मंगळवार होता. गेटबाहेर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग होती. डब्यातल्या मेथीत मीठ जास्त पडलं होतं आणि घरी गेल्यावर ते बायकोला, हेमांगीला कोणत्या शब्दांत सांगावं, याची मी जुळवाजुळव करत होतो. तेवढ्यात शहाद्याहून नेमीचंदचा फोन आला. त्याचं स्टेशनरीचं दुकान आहे.

"अमृतभाऊ, वहिनी दुकानात जरा खाली बसल्यात. तुम्ही या."

मी पोचेपर्यंत सगळं संपलेलं होतं. मेंदूत रक्तस्राव, असं डॉक्टर म्हणाले. ती प्रिंटरसाठी कागदाचा रीम आणायला गेली होती. मिठाचं सांगायचं राहिलं, ते बरंच झालं.

लोणखेड्याला घरी आलो, तर पुढच्या खोलीतला संगणक चालू. अर्ध्या तासात परत यायचं म्हणून ती तसाच ठेवून गेली होती. माझा पुतण्या मिथुन याचं लग्न ठरलं होतं आणि हेमांगी हळदीची गाणी टाइप करत होती. त्यात नवरदेवाच्या एकेका नातेवाइकाची टर उडवायची असते. आता बायकांना गाणी येत नाहीत, डीजे लावतात, म्हणून सगळ्यांच्या हातात छापील कागद द्यायचा तिचा बेत. मामा झाला होता, आत्या झाली होती, फुवा, म्हणजे आत्याचा नवरा, तर चार ओळींत झोपवला होता. शेवटी लिहिलं होतं :

नवरदेवना काका मोठा हुशार वं, मोठा हुशार,
त्याले

आणि 'त्याले'च्या पुढे कर्सर लुकलुकत होता. नवरदेवाला काका एकच. मी.

तिथे मी एक छोटासा निर्णय घेतला. संगणक बंद करायचा नाही.

तेरा दिवस लोक दारावर येत होते. खोलीत एका बाजूला तिच्या फोटोपुढे दिवा, दुसऱ्या बाजूला संगणक. दोन्ही अखंड. काहींनी दिव्याला हात जोडले आणि तेच हात पुढे संगणकाकडेही नेले. माझ्या विभागातला शिपाई लोटन शेवटी न राहवून म्हणाला, "साहेब, दिवा समजस. पन हाई काय शे?"

"तिचं काम अर्धं राहिलंय त्यात."

"मंग फोटो काढी ल्या ना मोबाइलमा."

काढले होते. अकरा काढले होते. फोटोत कर्सर लुकलुकत नाही.

सुरतेहून मुलीचा, कामिनीचा रोज फोन. "पप्पा, फाइल सेव्ह करा. एक बटण आहे."

"दाबलं. तो नाव विचारतो."

"मग द्या ना काहीही."

"तुझी मम्मी काम पुरं झाल्याशिवाय नाव देत नसे. म्हणायची, बाळ जन्माला यायच्या आधी कोणी बारसं करतं का?"

ती म्हणाली, "ठीक आहे पप्पा. मग तो बंद पडू देऊ नका." (हे तिने नसतं सांगितलं तर पुढचं काहीच झालं नसतं. पण मुलीवर ढकलू नये. काका हुशार होता.)

बंद पडू न देण्यासाठी आधी मोठी बॅटरी आणली. लोणखेड्याची वीज कधी जाईल ते सांगता येत नाही. इन्व्हर्टरवर भार नको म्हणून टीव्हीची जोडणी काढली. मग आईच्या खोलीतला पंखा काढला. आई, म्हणजे वत्सलाबाई, वय वर्षं एक्क्याऐंशी, भर वैशाखात पदराने वारा घेत बसली.

"माले उकडी ऱ्हायनं, आनि त्या डब्बाले हवा?" ती म्हणाली.

"आई, हेमांगीचं गाणं आहे त्यात."

"तिनं गानं मन्हापाईन लिधं. माले कोनी बॅटरी नही लायी."

गाणी हेमांगीने आईकडूनच घेतली होती, हे खरं; पण माझं तिकडे लक्ष नव्हतं, कारण त्याच दिवशी पडद्याच्या कोपऱ्यात एक चौकट उगवली होती. अपडेट आलं आहे, आत्ता रीस्टार्ट करू की नंतर आठवण करू? कोणी बोलावलं होतं याला? मी 'नंतर' दाबलं. दुसऱ्या दिवशी चौकट पुन्हा हजर. वायफाय काढून टाकलं तरी ती येतच राहिली, कारण आत काय घ्यायचं ते तिने आधीच घेऊन ठेवलं होतं. तेराव्यानंतर माणसंसुद्धा इतक्या नेमाने विचारपूस करायला आली नाहीत.

मग मला एक सोय सापडली. आपण कामात असतो ते तास संगणकाला कळवायचे; त्या वेळात तो स्वतःहून रीस्टार्ट होत नाही. जास्तीत जास्त अठरा तास. ही अपडेटं माणसं झोपल्यावर होतात असं मी ऐकलं होतं, म्हणून संध्याकाळी सहापासून दुसऱ्या दुपारी बारापर्यंत आपण कामात असतो, असं त्याला कळवून टाकलं. उरले दुपारचे सहा तास. तेव्हा मी फॅक्टरीत. म्हणजे पहारा आईचा.

आईला इंग्रजी येत नाही. मी तिला माउस धरायला शिकवलं. चौकट आली की बाण कुठे न्यायचा, हे कसं सांगावं? बेसिनवरच्या आरशाच्या कडेला हेमांगीच्या टिकल्या चिकटलेल्या होत्या. त्यातली एक लाल काढली आणि पडद्यावर बरोबर 'नंतर'च्या शेजारी लावली.

"आई, चौकट दिसली की बाण टिकलीपाशी न्यायचा आणि दाबायचं. बाकी कशालाही हात लावायचा नाही."

"आनि नही दाबं तं?"

"तर हेमांगीचं सगळं जाईल."

आई म्हणाली, "तुन्हा बाप बी आसाच हुशार व्हता." आणि खुर्ची ओढून बसली.

उन्हाळा गेला, पावसाळा गेला. मिथुनचं लग्न नवरीकडे साधेपणाने झालं, गाण्यांशिवाय. आई रोज दुपारी बाराला जेवून खुर्चीत बसायची, सहाला उठायची. चौकट यायची, आई टिकली दाबायची. या व्यवस्थेचं मी ऑफिसात इतकं कौतुक सांगितलं की लोटन म्हणाला, "साहेब, आते मायबाईले पगार चालू करा."

ऑक्टोबरातल्या एका शुक्रवारी सव्वासहाला घरी आलो. आई खुर्चीत ताठ बसलेली. पडदा निळा, त्यावर पांढरे ठिपके गोल फिरत होते.

"आई, काय केलंस?"

"टिकली दाबी."

या वेळी चौकट जरा वेगळी आली होती म्हणे. मोठी, तीन बटणांची. 'नंतर' सरकलं असणार डावीकडे. माझी टिकली जागची हलली नव्हती, आणि तिच्या शेजारी 'आत्ता' आलं असणार. आईने सांगितलं तेच आणि तसंच केलं. या घरात सांगितल्याप्रमाणे वागणारं एकच माणूस उरलं आहे, आणि त्याला सांगणारा मी.

मी कामिनीला फोन लावला. माझा आवाज ऐकून ती घाबरली, मग सगळं ऐकल्यावर हळूच म्हणाली, "पप्पा, चालू झाला की बघा. तो बहुतेक वेळा न सेव्ह केलेलं परत आणून देतो. मी उन्हाळ्यातच म्हटलं होतं तुम्हाला."

म्हटलं असेल. पण नेमीचंदच्या 'जरा'नंतर 'बहुतेक'सारख्या शब्दांवर माझा विश्वास राहिलेला नाही.

संगणक चालू झाला. आपण अद्ययावत आहात, असं त्याने मला कळवलं. मग विचारलं, मागची एक फाइल सापडली आहे, उघडू? उघडली. मामा, आत्या, फुवा, सगळे जागेवर. शेवटी 'त्याले'. एक अक्षर गेलं नव्हतं. आठ महिने बॅटरी, पंखा, टीव्ही आणि एक म्हातारी मी अशा वस्तूच्या राखणीला लावली होती, जी जाणारच नव्हती.

फक्त कर्सर 'त्याले'पुढे नव्हता. तो पहिल्या पानावर, पहिल्या अक्षराच्या आधी उभा होता, काही झालंच नाही असा. मी खालचा बाण दाबत दाबत तो 'त्याले'पर्यंत नेला. तिथे तो पुन्हा लुकलुकायला लागला. पण आता तिथे तो मी नेऊन ठेवलेला होता.

"उनं का परत?" आईने विचारलं.

"आलं. पण अर्धंच आहे. पुढे काय लिहिणार होती कोण जाणे."

"कोन जाने कसाले? मी जानस. त्या दिन सकाय चुल्हापाशी तिनं माले म्हनी दाखाडं. मीच नाव घालं ना त्यामा तुन्हं." आणि आई हसली. फेब्रुवारीपासून पहिल्यांदा. हसता हसता तिने पदर तोंडाला लावला तो काही काढेना.

मी खुर्ची ओढली. दोन्ही तर्जन्या तयार ठेवल्या. "सांग."

"आते नही. हळदनं गानं शे ते. सुतक गयं तरी दुःखनं वरीस शे. वरीस सरू दे."

"आई, नुसतं बोलून दाखव. गाऊ नको."

"नही म्हंतं ना."

"निदान काय आहे ते तरी?"

आईने डोळे पुसले. "इतलं सांगस. दुसऱ्या ओळीमा तू हुशार नही ऱ्हास."

मग ती उठून आपल्या खोलीत गेली. तिचा पंखा मी त्याच संध्याकाळी जोडला. वर्ष सरायला अजून चार महिने आहेत आणि आई एक्क्याऐंशीची आहे.

दुसरी ओळ लिहायची राहिली आहे. फाइलला नावही दिलेलं नाही.