खळ्यावरच्या खोड्या आणि पितळी वाट्या

येसाजीने स्वतःचे पुस्तक स्वतःच छापले, तेव्हा दहिवलीत दोन तट पडले. एक तट म्हणे, येसाजीला वेड लागले. दुसरा म्हणे, लागले नाही, ते आधीपासूनच होते.

साल होते अठराशे ब्याण्णव. येसाजीची भातशेती बरी होती, आवाज खणखणीत होता आणि थापा मारण्यात कर्जतपासून खालापूरपर्यंत त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. मळणीच्या दिवसांत लोक त्याच्या खळ्यावर कामाला कमी आणि गोष्टी ऐकायला जास्त येत. त्याच गोष्टी त्याने लिहून काढल्या आणि नाव ठेवले ‘खळ्यावरच्या खोड्या’. त्याचे अक्षर मात्र असे, की दुसऱ्या दिवशी वाचायला घेतले तर त्याचे त्यालाही लागत नसे. म्हणून त्याने बायकोला, सुंदराला, मुळाक्षरे शिकवली आणि सगळी प्रत तिच्याकडून नीट उतरवून घेतली.

प्रत घेऊन तो मुंबईला गेला. पुस्तके काढणाऱ्या एका शेटजींनी त्याला पायांपासून मुंडाशापर्यंत न्याहाळले आणि विचारले, “पदवी काय तुमची?”

“पदवी नाय. पडवी हाय. मोठी हाय, धा मानसं झोपत्यात.”

शेटजी हसले नाहीत. “संस्थानिकांचा आश्रय? कुणा विद्वानाचा अभिप्राय?”

अभिप्राय म्हणजे काय ते येसाजीने एका कारकुनाकडून समजून घेतले आणि तो थेट खालापूरच्या दाजीसाहेबांकडे गेला. दाजीसाहेब सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. त्यांच्या घरी दोन कपाटे भरून पुस्तके होती आणि अमुक पुस्तक चांगले की वाईट, हे आसपासच्या मुलखात तेच ठरवत. त्यांनी प्रतीला हात न लावता विचारले, “प्रकाशक कोण?”

“अजून कोन नाय. मीच छापीन म्हन्तो.”

“म्हणजे लिहिलंत आपण, छापणार आपण. मग वाचायलाही आपणच बसा!” असे म्हणून दाजीसाहेबांनी पानदान पुढे ओढले. ते त्यांनी स्वतःसाठीच ओढले होते.

येसाजी घरी आला. भात विकून आलेला सगळा पैसा त्याने छापखान्यात नेऊन ओतला. सुंदरा एवढेच म्हणाली, “पुस्तकं खपली नाय, तर पावसाळ्यात पानं उकडून खावी लागतील.”

वैशाखात पुस्तकांची पेटी आगगाडीने कर्जत स्टेशनावर आली. शकूर गाडीवान ती घेऊन दहिवलीला पोचला, तेव्हा त्याच्या बैलगाडीत दोन पेट्या होत्या. दोन्ही मुंबईहून आलेल्या, दोन्ही देवदारी, आणि दोहोंवरचे नावपत्त्याचे कागद वाटेत कुठेतरी गळून पडले होते.

“येसाजीभाऊ, यातली एक तुमची, एक खालापूरची,” शकूर म्हणाला. “कुठली कुणाची ते तुमीच वळखा.”

येसाजीने एकेक पेटी हलवून पाहिली. एक मुकाट हलली. दुसरी जागची उठेना.

“ही जड ती माजी,” तो छाती काढून म्हणाला. “उतरव. अरं, पुस्तकात माल हाय!”

“अवो, उघडून तरी बगा,” सुंदरा म्हणाली.

“उद्या. समद्या गावासमोर.”

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात गाव जमला. येसाजीने नवे मुंडासे बांधले, पेटीला हळदकुंकू वाहिले, नारळ फोडला आणि फळी उचकटली. आत गवताच्या गादीवर चकाकणाऱ्या पितळी वाट्या होत्या. वर होत्या, खाली होत्या, तळापर्यंत वाट्याच होत्या.

म्हातारा धाकलू एक वाटी हातात फिरवत म्हणाला, “येसाजी, पुस्तक झ्याक झालंय रं. वाचून झालं की आमटी पन वाढता येल.”

अंगण हसून लोळू लागले. येसाजी मात्र मटकन पायरीवर बसला. “शकूर, दुसरी पेटी कुनाकडं टाकलीस?”

“खालापूरला, दाजीसायबांकडं. आज त्यांच्या मुलीचं लगीन हाय. पावन्यांना वाटायच्या वस्तू हायेत म्हनत होते.”

येसाजीच्या तोंडचे पाणी पळाले. ज्या माणसाने पुस्तकाला हात लावला नाही, त्याच्या घरी भर लग्नात पुस्तकांची पेटी गेली होती. आता तो ती एक तर चुलीत घालणार, नाही तर फौजदाराला बोलावणार.

“गाडी जुंप,” तो शकूरला म्हणाला.

“मी पन येते,” सुंदरा म्हणाली आणि पदर खोचून वाट्यांच्या पेटीवर चढून बसली.

तिकडे खालापुरात मांडव गच्च भरला होता. पेटी आल्या आल्या दाजीसाहेबांनी ती कोठीत ठेवून कुलूप घातले होते. आतली वस्तू आधी कुणाच्या नजरेस पडू नये, हा हेतू. पुण्याहून आलेले व्याही अण्णासाहेब मोठे तालेवार गृहस्थ. त्यांच्यासमोर आपली ऐट दिसावी म्हणून फराळानंतर दाजीसाहेबांनी पेटी मांडवाच्या मधोमध आणवली.

“मंडळी, आमच्याकडून अशी वस्तू देतो आहे, की पुण्यात कुठल्याही लग्नात कुणी दिली नसेल!”

फळी निघाली. दाजीसाहेबांनी ऐटीत हात घातला आणि बाहेर काढले ते ‘खळ्यावरच्या खोड्या’. खाली ठळक अक्षरांत छापले होते: लेखक व प्रकाशक, येसाजी, मुक्काम दहिवली.

दाजीसाहेबांचा चेहरा पांढरा पडला. ‘पेटी चुकली’ असे म्हणावे, तर आत्ताच केलेल्या भाषणाचे काय करायचे? ते तोंड उघडणार, इतक्यात अण्णासाहेबांनी पुस्तक त्यांच्या हातातून घेतले.

“पुस्तक? लग्नात पुस्तक वाटता? दाजीसाहेब, धन्य आहे तुमची!”

“हो… म्हणजे… म्हटलं, काहीतरी वेगळं,” दाजीसाहेब म्हणाले. एकदा हो म्हटल्यावर माघार उरली नाही. पुस्तके मांडवभर वाटली गेली.

पहिला खुसखुसला तो अण्णासाहेबांचा धाकटा भाऊ. मग त्याच्या शेजारचा. सासऱ्याला भिऊन भाताच्या कणगीत लपलेला जावई आणि त्याच कणगीतून भात काढायला आलेला सासरा, ही गोष्ट एकाने मोठ्याने वाचायला घेतली, तशी बायकांची बाजूही सरकत सरकत जवळ आली. आचारी झारा घेऊनच उभा राहिला. वाजंत्र्यांनी सनई खाली ठेवली.

गोरज मुहूर्त आला, तेव्हा नवरदेव सापडेना. तो न्हाणीघरामागे पुस्तक वाचत बसला होता. त्याला ओढून आणून अंतरपाटापलीकडे उभे केले. भटजींनी मंगलाष्टके सुरू केली, आणि ऐन ‘सावधान’ला नवरदेवाला कणगीतला सासरा आठवला. तो फस्सकन हसला. अंतरपाटाच्या अलीकडून नवरीही हसली, कारण तिनेही वाचले होते. भटजींनी मोठ्या कष्टाने तोंड वाकडे करून शेवटचे कडवे पार पाडले. मुहूर्त कसाबसा साधला.

अक्षता पडल्या आणि त्याच वेळी मांडवाच्या दारात शकूरची गाडी थांबली. येसाजी उतरला तो हात जोडूनच. “सायेब, चूक झाली! तुमच्या वाट्या…”

दाजीसाहेबांना इतके चपळ कधी कुणी पाहिले नव्हते. त्यांनी धावत जाऊन येसाजीला कडकडून मिठी मारली. “या, या, लेखकमहाशय!” असे मोठ्याने म्हणून ते त्याच्या कानात पुटपुटले, “एक शब्द बोलू नका. सगळ्या प्रती मी घेतल्या. हवं ते मोल घ्या.”

“पन सायेब, अभिप्राय?”

“उत्कृष्ट!” दाजीसाहेब दातओठ खात म्हणाले.

तोवर अण्णासाहेब गाडीतल्या पेटीपाशी आले होते. “आणि या वाट्या कशाला?”

येसाजीच पुढे झाला. “वाचता वाचता फुटाने खायला.”

अण्णासाहेब खदखदून हसले. त्यांनी येसाजीला खांद्यावरचा शेला दिला, मानाने बैठकीवर बसवले आणि पुस्तक उलटसुलट करून पाहिले. “पण दाजीसाहेब, असल्या गुणी माणसाला तुम्ही उजेडात आणलंत आणि पुस्तकावर तुमचं नाव नाही?”

“नावासाठी का कुणी करतं हे?” दाजीसाहेबांनी खाली मान घातली.

“ते काही नाही. यापुढचं पुस्तक तुमच्या खर्चाने, तुमच्या नावाने निघायला हवं. शब्द द्या.”

चारचौघांत, तोही व्याह्याला, नाही म्हणणार कसे? “दिला,” दाजीसाहेब म्हणाले. दुसरे पुस्तक लिहायला या शेतकऱ्याला चारपाच वर्षे सहज लागतील, एवढाच त्यांना धीर होता.

“मंग बरं झालं,” गाडीजवळून सुंदरा म्हणाली. “दुसरं लिवून तयार हाय.”

सगळ्यांच्या माना वळल्या. सर्वांत आधी येसाजीची. “काय बोलतेस गं? मी कुटं लिवलंय दुसरं?”

“तुमी नाय. मी.”

“तू? कवा?”

“तुमी मुंबईला खेटे घालत व्हता तवा. घरात निवांत असायचं.”

अण्णासाहेबांनी मांडीवर थाप मारली. “बाईमाणसाचं पुस्तक! दाजीसाहेब, पुणं मागे पडलं हो!” दाजीसाहेब हसले. दुखऱ्या दाताने हसावे तसे हसले.

परतताना गाडीत येसाजीने शेला दोनदा खांद्यावर घेतला, दोनदा काढून ठेवला. शकूर मागे वळून पाहत गालात हसत होता.

शेवटी येसाजीला राहवेना. “सुंदरा, हसायचं हाय का गं तुजं पुस्तक?”

“लई.”

“कुनावर हाय?”

सुंदराने शेला उचलला, नीट घडी घातली आणि त्याच्या खांद्यावर ठेवला.

“सरळ बसा,” ती म्हणाली. “तुमच्यावरच हाय.”