जांभळा हत्ती रद्द

खिडकीसाहेबांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि मुलीला शाळेतून आज आपणच आणायचं, असं ठरवून टाकलं. घरात कुणाला विचारलं नाही. पोटच्या पोरीला आणायला परवानगी कसली मागायची?

खिडकीसाहेब हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. पाणीपट्टी भरायच्या खिडकीमागे ते बसत आणि सही जराशी वाकडी आली तरी माणसाला परत पाठवत, म्हणून लोकांनीच हे बारसं केलं होतं. "नियम म्हणजे नियम" हे त्यांचं लाडकं वाक्य. (नियम खिडकीच्या आतल्या माणसालाही लागू असतो, हे मात्र त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.)

मुलगी तिसरीत. तिचे फोटो मोबाईलवरून जगाला दाखवणं हा साहेबांचा एकमेव छंद. दात पडला, टाक फोटो. पालीला घाबरून टेबलावर चढली, टाक फोटो. नवा गणवेश आला, तर शाळेच्या पाटीखाली उभी करून फोटो, वर इयत्ता आणि तुकडीही लिहिलेली. अशात शाळेने नियम काढला की मूल न्यायला येईल त्याने घरात ठरलेला गुप्त शब्द सांगायचा, तरच मूल हाती मिळेल. मुलीने शब्द निवडला 'जांभळा हत्ती'. साहेबांचा ऊर भरून आला. त्यांनी लगेच जगाला कळवलं, "आमच्या कन्येचा गुप्त शब्द : जांभळा हत्ती. आहे की नाही कल्पक?"

पुष्कळ अंगठे आले. मुख्याध्यापिका बाईंचा अंगठा मात्र आला नाही. त्यांनी थेट आईला बोलावून घेतलं.

आई नर्स होती, त्यामुळे दुखणं नेमकं कुठे आहे हे तिला चटकन कळे. तिने घरी येऊन सांगितलं की सगळे फोटो काढून टाका आणि पोरीशी नीट बोला. साहेब उसळले. मुलगी माझी, मोबाईल माझा, मी कौतुकच केलं ना, चोरी तर नाही केली? बायको म्हणाली, लग्न झाल्यापासून या माणसाच्या तोंडून एक वाक्य ऐकायचं राहून गेलंय, आणि ते बहुतेक राहूनच जाणार. कोणतं वाक्य, हे साहेबांनी विचारलं नाही.

मुलगी भांडली नाही. तिने बोलणंच बंद केलं. बाबाने मोबाईल हातात घेतला की ती तोंडावर उशी धरायची आणि तो खाली ठेवेपर्यंत काढायची नाही. हे साहेबांना फार लागलं. पण माघार घेणं रक्तात नव्हतं. म्हणून ही युक्ती. अचानक शाळेत हजर व्हायचं, तिचं दप्तर आपल्या खांद्यावर घ्यायचं, हात धरून घरी यायचं आणि नको तो विषय वाटेत काढायचाच नाही.

गेटवर मावशी होत्या. साहेबांच्या खिडकीवरून त्या एकदा परत गेल्या होत्या, आणि ते त्या विसरल्या नव्हत्या.

"शब्द?" मावशी म्हणाल्या.

"जांभळा हत्ती."

"तो रद्द झाला, साहेब. कुणीतरी गावभर केला."

साहेबांनी बायकोला फोन लावला. तो इस्पितळाच्या कपाटात नुसता वाजत राहिला. गजांपलीकडे मुलगी दप्तर घेऊन उभी होती. साहेबांनी तिलाच साक्षीला बोलावलं. ती म्हणाली की हा माझा बाबाच आहे, पण ओळखीच्या माणसालाही शब्द विचारायचा असं बाईंनी सांगितलंय. साहेब म्हणाले, मी इथून हलणार नाही. मावशी म्हणाल्या, खुशाल उभे राहा, फक्त गेट सोडून.

शेवटी साहेबांनी हुकमाचा पत्ता काढला. मोबाईलवर मुलीचे फोटो उघडले आणि एकेक मावशींपुढे धरू लागले. हा दात, ही पाल, हा गणवेश. बापाशिवाय कुणाकडे असतील हे?

मावशींनी शांतपणे स्वतःचा मोबाईल काढून दाखवला. तोच दात, तीच पाल.

"या हिशोबाने मीपण तिचा बाप," त्या म्हणाल्या.

जमलेले पालक हसले. साहेबांचा आवाज आणखी चढणार, तेवढ्यात गर्दीतला एक अनोळखी गृहस्थ कौतुकाने पुढे झाला आणि गजांतून मुलीकडे बघून म्हणाला, "अरे, ही तर आपली जांभळा हत्ती! काय गं, पालीची भीती गेली का?"

बिचारा कुणाचा तरी मामा असावा. पण मुलगी एक पाऊल मागे सरली आणि तिने मावशींचा पदर घट्ट धरला. बाबा समोर उभा असताना मावशींचा. या माणसाला साहेबांनी जन्मात पाहिलं नव्हतं, आणि त्याला त्यांच्या लेकीची पाल ठाऊक होती.

त्यांनी मोबाईल खिशात टाकला. मुलीकडे पाहिलं आणि हळू आवाजात, सवय नसल्यामुळे जरा अडखळत, म्हणाले, "माझं चुकलं."

मावशींनी कडी काढली.

मुलगी बाहेर आली आणि तिने आपणहून त्यांचा हात धरला. साहेबांचे डोळे भरून आले. कोपऱ्यापर्यंत कसेबसे ते गप्प राहिले, मग राहवेना. म्हणाले, "बघितलंस? मनापासून बोललं की दगडालाही पाझर फुटतो."

मुलगी थांबली. "बाबा, तुला शब्द कुणी सांगितला?"

"कुठला शब्द?"

"'माझं चुकलं'. आईने निवडला. म्हणाली, बाबाच्या तोंडून चुकूनही बाहेर पडणार नाही, असा हा एकच आहे."

साहेबांनी मोबाईल काढला. मुलीचा हात सवयीने तोंडाकडे गेला, पण त्यांनी मोबाईलच तिच्यापुढे धरला आणि म्हणाले, घे, तूच काढून टाक सगळे. तिने भर रस्त्यात, एका भिंतीला टेकून, पालीपासून सुरुवात केली. साहेब दप्तर सांभाळत शेजारी उभे राहिले.

काम संपवून तिने मोबाईल परत दिला आणि एक सुस्कारा सोडला.

"आता शब्द पुन्हा बदलावा लागणार."

"का गं?"

"तुला कळला ना."